पेटीचा अबोला

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची संध्याकाळ. तुळशीपुढे दिवा लावून आई नेहमीप्रमाणे पेटीपाशी बसली. पेटी म्हणजे भात्याची नव्हे. विजेवर वाजणारा जुना कीबोर्ड. संधिवातामुळे तिला भाता हलवणे जमेना, तेव्हा मी तो आणून दिला होता. आई त्याला पेटीच म्हणते. भूप जेमतेम रंगात येत होता, आणि एकाएकी सूर तुटला. लाल दिवा विझला. आईची बोटे पट्ट्यांवर तशीच राहिली.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी घरचा कर्ता पुरुष म्हणून पुढे सरसावलो. पेटी थोपटली, बटण दहादा दाबले आणि निकाल दिला, "आई, ही गेली. पाडव्याला नवी आणू."

"बिघडली की टाकायची, असं असतं का रे?" आई एवढेच म्हणाली. ती ७६ वर्षांची आहे. त्या प्रश्नाचा रोख केवळ पेटीकडे होता, असे मला वाटले नाही.

ओशाळून मी इंटरनेटच्या डबीचा अ‍ॅडॉप्टर काढून आणला. पिन मापाची दिसत होती. तेवढ्यात आई म्हणाली, "दुसऱ्याचं औषध तिला कशाला पाजतोस? आधी सेल घालून बघ." सहा पेन्सिल सेल आणून घातले. पेटी मुकीच!

दुसऱ्या दिवशी पेटी तशीच, वायरीसकट, पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेऊन गेलो. दुकानातल्या कारागिराने एकही स्क्रू उघडला नाही. आधी खोचलेली पिन उपसली आणि बटण दाबले. लाल दिवा लागला!

"सर, बऱ्याच कीबोर्डांत पिन खोचली की सेलचा रस्ता आपोआप तुटतो. पिन काढल्याशिवाय सेल बोलणार कसे?"

म्हणजे आतली यंत्रणा धडधाकट होती. संशयित उरले दोन : अ‍ॅडॉप्टर आणि पिनेची खोबण. त्याने मीटरच्या सुया अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला लावल्या. आकडा आला ९ व्होल्ट, लेबलावर होता तोच. मग पिन पुन्हा खोचून हलक्या हाताने हलवली. दिवा मिणमिणला. चोर सापडला.

मी भीतभीत माझ्या दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरची गोष्ट सांगितली. तो १२ व्होल्टचा. शिवाय या पेटीला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन लागते. त्या अ‍ॅडॉप्टरचे नेमके उलटे. "लावला असता तर आतले भाग जळण्याची भीती होती," कारागीर म्हणाला. मला आईचे औषध आठवले.

पेटी उघडल्यावर त्याने भिंगातून दाखवले. खोबणीच्या पायाशी डाख फुटला होता. केसासारखी गोल चीर. नवा डाख द्यायला पाच मिनिटे लागली. मग त्याने सहज विचारले, "पिन तशीच ठेवून पेटी उभी करता का हो?"

मी उत्तर दिले नाही. रोज रात्री पाने मांडायला जागा हवी म्हणून पेटी उचलून, पिनेसकट, भिंतीशी उभी करणारा मीच होतो.

वर्गात मी मुलांना सांगतो, ओवी अडली तर आधी क्रियापद शोधा, मग कर्ता. अर्थाची घाई करू नका. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच थेट अर्थ सांगून मोकळा झालो होतो!

वाचकहो, तुमच्या घरची पेटी अशी रुसली, तर बाहेरून आत जावे. भिंतीच्या प्लगला दुसरा दिवा लावून पाहावा. काही कीबोर्ड बराच वेळ न वाजवल्यास आपोआप बंद होतात, तेव्हा बटण एकदा पुन्हा दाबावे. मग पिन काढून, नवे सेल घालून पाहावे. सेलवर वाजली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा किंवा खोबणीचा. अ‍ॅडॉप्टर बदलायचा झाल्यास व्होल्ट तेच, धन-ऋणाची खूण तीच आणि अँपिअर निदान तेवढे असावे. यातले काहीच लागू पडले नाही, तर आत हात न घालता कारागीर गाठावा.

त्या धनत्रयोदशीला दिवे लागले तेव्हा भूप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. रात्री पाने मांडायच्या आधी मी पिन अलगद काढून ठेवली. आई बघत होती. म्हणाली, "आता टिकेल हो. आम्ही दोघीही."