डोंगरउतारावरील घर आणि पाण्याची वाट

उन्हाळ्यात जागा पाहावयास जाणारा मनुष्य पाणी पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील डोंगरउतार कोरडा ठणठणीत असतो. वारा येतो, समोर खोरे दिसते आणि रस्त्यालगतच्या सपाट जागेपेक्षा भावही कमी असतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पतपेढीचे कर्ज यांवर घर उभारू पाहणाऱ्या शिक्षकास वा कारकुनास अशा तुकड्याचा मोह पडला तर नवल नाही.

चिपळूण तालुक्यातील माझ्या एका शिक्षक स्नेह्यांना तो पडला. उतार कापून त्यांनी घरापुरती सपाटी केली, निघालेली माती खालच्या अंगाला भरून अंगण वाढविले आणि कापलेल्या बाजूस जांभ्या चिऱ्याची, सिमेंटमध्ये बांधलेली सहा-साडेसहा फुटी भिंत घातली. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी जुलैत, चार दिवसांच्या झडीनंतर, ती भिंत रात्री स्वयंपाकघराच्या दिशेने कोसळली. सुदैवाने तेथे कोणी निजलेले नव्हते. गवंड्याने काम वाईट केले, असे सारा गाव म्हणाला. मी ती भिंत पाहिली होती. काम उत्तम होते. इतके उत्तम, की तिच्यातून पाण्याचा थेंबही बाहेर पडू शकत नव्हता.

दोष होता तो येथे. दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबले तर प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा एकट्या पाण्याचा पडतो. मातीचा रेटा निराळाच. उंची दुप्पट झाली तर हा रेटा चौपट होतो. आपल्या आजोबांनी हे गणित मांडले नव्हते, परंतु त्यांचा गडगा कोरड्या दगडांचा असे आणि त्याच्या फटींतून पाणी निमूटपणे निघून जाई. आपण सिमेंट आणले आणि त्या फटी बुजविल्या. पक्की भिंत हवीच असेल, तर तिला दर चार-पाच फुटांवर बाहेरच्या बाजूस उतरती भोके ठेवावी लागतात आणि मागे खडीचा थर द्यावा लागतो. नाहीतर मातीने तीच भोके बुजतात.

त्याआधीचे काम भिंतीच्याही वर असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात आषाढात असा दिवस अपवादाचा नव्हे, तर एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर, पाणी पडते. घराच्या माथ्यावर वीस गुंठे उतार असेल तर वीस टँकर. काही मुरेल, पण जमीन भिजून तुडुंब झाली की बहुतेक सारे खाली येणार. हे पाणी घरापर्यंत येऊच न देता, उतार कापलेल्या कडेच्या बरेच वर एक आडवा चर खणून त्याला बाजूच्या वहाळाकडे वळवावे. चर दगडाने वा सिमेंटने बांधून काढावा, नाहीतर तोच पाणी मुरविणारा खड्डा होतो. जोत्याभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच बाहेर उतरती असावी. पागोळ्यांचे पाणी पन्हळीतून न्यावे, भरावावर सोडू नये. शोषखड्डा तर भरावाच्या कडेला कदापि नको. आणि मृगापूर्वी चरातील पालापाचोळा काढावा. जुनी माणसे हे न चुकता करीत.

पाणी वळविले, पण सोडले कोठे? येथे आपली सभ्यता उघडी पडते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमातील एका उदाहरणानुसार, वरच्या जमिनीवर पडलेले आणि ठरावीक प्रवाहातून न जाणारे पाणी खालच्या मालकाने नैसर्गिकपणे वाहू द्यावयाचे आहे. परंतु पसरून येणारे पाणी एका चरात गोळा करून शेजाऱ्याच्या परसात लोटणे, हा ‘नैसर्गिकपणे’ या शब्दाचा अर्थ खासच नव्हे. आपल्याकडे घराच्या नकाशात शौचकूप आणि सज्जा हौसेने दाखवितात. डोंगराचे पाणी कोठून येणार व कोठे जाणार, याची रेघ मात्र क्वचितच दिसते. परवानगी देणाऱ्यांनी ती रेघ मागितली पाहिजे.

चराची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला, १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेवर तीच वेळ आली. तेथे घरामागचा चर काय करणार? माथ्यावर भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर फावडे घेऊन बसू नये. माणसे घेऊन निघावे.

माझ्या स्नेह्यांनी पुन्हा कर्ज काढून भिंत उभी केली. गेल्या आषाढात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिच्या साऱ्या भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि ते ओसरीवर बसून त्या मोजीत होते.