थ्रिफ्टमधून जुने कपडे ऑनलाइन घेताय? टॅगवरचा साइज विसरा, कपडा मोजा!

इन्स्टाग्रामवर जुन्या डेनिम जॅकेटचा भारी फोटो दिसतो. टॅगवर ‘एल’ लिहिलेलं असतं, आपणही एलच घालतो. मग काय, लगेच डीएम आणि लगेच यूपीआय! मीही हेच केलं होतं. पार्सल आलं, जॅकेट एकदम मस्त होतं, फक्त बटणं लागत नव्हती. ‘नो रिटर्न’ आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे चौदाशे रुपये गेले.

मित्रांनो, जुना कपडा म्हणजे एकच पीस. दुसरा साइज मागवायची सोय नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधी कपडा कसा मोजायचा ते बघूया.

टॅगवर विश्वास का ठेवायचा नाही?

एस, एम, एल ही मापं नाहीत, नुसती नावं आहेत. प्रत्येक कंपनी ती आपल्या हिशोबाने ठरवते आणि काळानुसार बदलते. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार महिलांची मापं घेतली गेली आणि त्यावरून १९५८ मध्ये साइजचं एक प्रमाण ठरलं. पुढे त्यात बदल झाले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. दरम्यान कंपन्यांचे नंबर सैल होत गेले. म्हणून तिथल्या १९६० च्या ड्रेसवरचा १२ नंबर आजच्या १२ पेक्षा बराच लहान असतो.

दुसरं कारण म्हणजे धुणं. लिव्हाइसच्या ५०१ जीन्सचा ‘श्रिंक-टू-फिट’ प्रकार धुतल्यावर आटतो, लांबीत तर १० टक्क्यांपर्यंत. टॅगवरचा ३४ हा ती जीन्स नवी असतानाचा आकडा असतो. आज तिची कंबर किती, हे फक्त टेपच सांगेल.

शरीर नको, आवडता कपडा मोजा

कपडा शरीरापेक्षा थोडा मोठा शिवलेला असतो. तो किती मोठा हवा, हा हिशोब टाळायचा सोपा उपाय आहे. तुम्हाला नीट बसणारा तसाच कपडा कपाटातून काढा. जॅकेटसाठी जॅकेटच घ्या, टी-शर्ट नको. तो सपाट ठेवा, बटणं लावा, सुरकुत्या काढा, पण ताणू नका. मग टेपने मोजा:

- छाती: एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत
- खांदा: एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत
- बाही: खांद्याच्या शिवणीपासून टोकापर्यंत
- उंची: मागच्या कॉलरच्या खालून शेवटपर्यंत
- पँट: कमरेची रुंदी, मांडीची रुंदी आणि आतल्या शिवणीची लांबी

हे आकडे फोनच्या नोट्समध्ये सेव्ह करा. एकदा मोजलं की पुढच्या प्रत्येक खरेदीला उपयोगी पडतं.

फोनने मोजलं तर?

आयफोनमध्ये २०१८ पासून ‘मेजर’ ॲप आहे, अँड्रॉइडवरही अशी ॲप्स मिळतात. पण कॅमेऱ्याचा अंदाज थोडा इकडे-तिकडे होतो. छातीचं माप आपण दुप्पट करतो, म्हणजे चूकही दुप्पट होते. सपाट मापात अर्धा इंच चुकला, तर घेरात पूर्ण एक इंच गेला!

टेप नसेल तर कपड्याशेजारी ए-४ कागद ठेवून बरोबर वरून फोटो काढा. फोन तिरका नको, ०.५ एक्सची वाइड लेन्सही नको. कागदाची लांब बाजू २९.७ सेंटीमीटर असते. फोटोत ती ५९४ पिक्सेल आली, तर २० पिक्सेल म्हणजे १ सेंटीमीटर. मग ११०० पिक्सेलची छाती झाली ५५ सेंटीमीटर, घेर ११० सेंटीमीटर. हा अंदाज आहे, शेवटचा निर्णय टेपवरच घ्या.

काही ॲप्स घट्ट कपड्यांतला समोरून आणि बाजूने फोटो मागतात आणि शरीराची मापं काढून देतात. तो फोटो कुठे साठवला जातो, हे वाचल्याशिवाय देऊ नका. आपल्या पद्धतीत शरीराचा फोटो लागतच नाही.

विक्रेत्याला हा मेसेज पाठवा

‘नमस्कार, जॅकेट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत, खांदा, बाही आणि उंची किती भरते ते सांगाल का? टेप लावलेला फोटो पाठवला तर बरं होईल. आणि आत माया किती आहे?’

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. ती असेल तर टेलर कपडा थोडा सैल करू शकतो. कंबर किंवा उंचीत थोडा फरक असेल तर चालून जातं. खांदा जुळत नसेल तर मात्र सोडून द्या, कारण ते काम अवघड आणि महाग असतं.

विक्रेता मापं देत नसेल, तर कपडा कितीही आवडला तरी यूपीआयचा पिन टाकू नका. माझं ते जॅकेट आता धाकट्या भावाकडे आहे. त्याला ते अगदी मापात बसतं!