माशी नेमकी कुठं शिंकते?

जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला असतो. रविवार. ताटात आमरस, शेजारी गरमागरम पुरी. तुम्ही पुरीचा तुकडा मोडून रसात बुडवणार, तेवढ्यात 'घूंऽऽ' करत ती येते आणि थेट वाटीच्या काठावर बसते. प्रथमग्रासे मक्षिकापात! तुम्ही हात उडवता. ती उठते आणि आजीच्या वाटीवर जाऊन बसते. आजी म्हणते, "बसू दे रे, एवढीशी ती, खाणार किती!"

मित्रांनो, ती किती खाते हा प्रश्नच नाही. ती काय ठेवून जाते, हा खरा प्रश्न आहे.

माशीला दात नसतात. तिचं तोंड म्हणजे टोकाला स्पंज लावलेली सोंडच म्हणा ना. तिला फक्त पातळ पदार्थ शोषता येतात. मग साखरेचा दाणा सापडला तर? ती त्यावर लाळ सोडते, पोटातलं थोडं पाणी ओकते, दाणा विरघळवते आणि मग तो पाक पिते. शी! म्हणालात ना? पण खरी शी पुढंच आहे. तुमच्या वाटीकडे येण्याआधी या बाईसाहेब शेणावर, उकिरड्यावर नाहीतर कुणाच्या तरी विष्ठेवर जेवून आलेल्या असतात. तिथले जंतू पायांच्या केसांना चिकटून येतात, पोटातूनही येतात. हगवण, विषमज्वर, पटकी अशा रोगांचे जंतू ती वाहून नेऊ शकते.

मोठ्या माणसाचं पोट बिघडलं तर दोन दिवस ताकभातावर निभून जातं. पण घरात सहा महिन्यांचं बाळ असेल, तर जुलाबांनी त्याच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. पाकिस्तानातल्या काही खेड्यांमध्ये माशांच्या हंगामात औषध फवारून त्या जवळजवळ नाहीशा केल्या, तेव्हा तिथल्या लहान मुलांमधलं जुलाबाचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे माशी हाकलणं हे काही रिकामटेकड्यांचं काम नव्हे. 'माशा मारणं' या वाक्प्रचारानं या कामाची उगाच बदनामी केली आहे, असं माझं मत.

आता मारायचं कसं? हातानं जमत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेलच. माशीचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी जलद बघतात, त्यामुळे तुमचा हात तिला सावकाश येताना दिसतो. शिवाय हाताबरोबर हवेचा झोत पुढं जातो आणि तिला वर्दी मिळते. म्हणून माशा मारायच्या फ्लॅपरला भोकं असतात. हवा भोकांतून निघून जाते आणि माशी सापडते.

पण थांबा. फ्लॅपर घेऊन उठण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. माशी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते. उन्हाळ्या-पावसाळ्यात एका दिवसात अंड्यातून अळी निघते. मग कोष, आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार! आणखी थोड्या दिवसांनी तीही अंडी घालायला लागते. म्हणजे एक पिढी धरा पंधरा दिवसांची. शंभरांतल्या पन्नास माद्या. सगळ्या जगल्या आणि प्रत्येकीनं एकदाच अंडी घातली, तरी दीड महिन्यानं किती? अडीच लाख! प्रत्यक्षात पाली, कोळी आणि मुंग्या बहुतेकांचा फडशा पाडतात, म्हणून आपण वाचतो. (भिंतीवरच्या पालीला झाडूनं मारणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

मग फवारा मारावा का? डी.डी.टी. कीटक मारतं हा शोध १९३९ सालचा. त्यासाठी पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिकही मिळालं. पण तोवर युरोपात डी.डी.टी.ला दाद न देणाऱ्या माशा दिसायला लागल्या होत्या! ज्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. आणि स्वयंपाकघरात फवारलेलं औषध अन्नावर पडणार नाही याची हमी कोण देणार? तुम्ही मुलांनी तर त्या डब्याला हातच लावू नका.

माझ्या लहानपणी आमच्या घरामागे गोठा होता. आई रोज संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करायची. धूर असेपर्यंत माशा गायब, सकाळी पुन्हा हजर. एकदा मी काठीनं शेणाचा ढीग उकरला. आत तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. माशी तिथं शिंकत होती! वडिलांनी गोठेवाल्या काकांना सांगून पाहिलं. काका आधी रागावले, पण महिन्यानं उचलायचा ढीग चौथ्या-पाचव्या दिवशी शेतावर न्यायला लागले. तीन आठवड्यांत फरक दिसला. गणित सोपं होतं. माशी तयार व्हायला आठ दिवस लागतात ना? मग त्याआधीच तिचं घर हलवायचं. सगळ्या मात्र गेल्या नाहीत, कारण माशी किलोमीटरभर अंतरावरूनही येऊ शकते.

तुमच्या घरामागे गोठा नसेल. पण ओल्या कचऱ्याचा डबा आहे, त्याच्या बुडाशी साचलेलं पाणी आहे, मांजराची मातीची पेटी आहे, बाळाचे मळलेले लंगोट आहेत, आणि हो, आंब्याच्या कोयी! माशीच्या अळीला ओल लागते. म्हणून डब्याच्या तळाशी जुनं वर्तमानपत्र घाला, झाकण लावा, कचरा रोज बाहेर जाऊ द्या आणि डबा धुऊन उन्हात वाळवा. घरी खत करत असाल, तर प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा पसरा. खिडकीला जाळी आणि ताटावर झाकण हवंच. उरलेल्या चुकार माशांसाठी चिकटपट्टी वरून लोंबती बांधा. रात्री माशांना लोंबत्या दोऱ्यांवर बसायला आवडतं.

शेवटी एक चुकीची समजूत. केळ्यांभोवती फिरणारी चिलटं म्हणजे माशीची पिल्लं नव्हेत. माशी कोषातून बाहेर पडते ती पूर्ण वाढ होऊनच, नंतर मोठी होत नाही. चिलटांची जातच वेगळी. त्यांच्यासाठी वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून केळ्यांजवळ रात्रभर ठेवा. सकाळी किती बुडाली ते मोजा. फक्त आई चहा पीत असेल, तेव्हा वाटी दाखवायला नेऊ नका.