चेकवरचं ‘अकाउंट पेयी ओन्ली’ : कुठे लिहायचं, कधी नाही



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने मिरचीवाल्याला १८,५०० रुपयांचा चेक दिला. त्याच्या माणसाकडून तो एसटीत हरवला. आमच्या पोटात गोळाच आला! कारण चेकवर रेघा मारल्या नव्हत्या आणि छापलेलं ‘ऑर बेअरर’ही खोडलं नव्हतं. बेअरर म्हणजे चेक घेऊन येणारा. असा चेक कुणीही वटवू शकतो. लगेच बँकेत अर्ज देऊन पेमेंट थांबवलं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून आम्ही हे तीन शब्द नीट शिकलो.

अर्थ काय? ‘पे’ म्हणजे पैसे देणे. ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे मिळायचे तो. नुसतं ‘पे’ लिहिलं तर अर्थच बदलतो. इंग्रजीत ‘पेयी’च्या शेवटी दोन ‘ई’ येतात, तेवढं ध्यानात ठेवा. पूर्ण अर्थ असा : ज्याचं नाव चेकवर आहे, फक्त त्याच्याच खात्यात पैसे जमा करा.

कुठे लिहायचं? चेकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि मधे हे शब्द लिहायचे. नुसत्या रेघा असल्या तर रोख मिळत नाही, पैसे खात्यातच जातात. पण कुणाच्या खात्यात, हे ‘अकाउंट पेयी’ने पक्कं होतं. सोबत ‘ऑर बेअरर’ खोडा. नाव खात्यावर आहे तसंच लिहा. खातं दुकानाच्या नावाचं असेल तर दुकानाचं नाव.

कधी लिहायचं नाही? गटाला रोख काढायची असेल तेव्हा. ‘सेल्फ’चा चेक लिहून सवयीने वर रेघा मारल्या, तर काउंटरवर रोख मिळणार नाही. तालुक्याचा हेलपाटा फुकट!

दुसरं ‘ओन्ली’ : अक्षरी रकमेच्या शेवटीही ‘ओन्ली’ लिहितात, म्हणजे पुढे कुणाला शब्द वाढवता येत नाही. मराठीत ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहा : ‘अठरा हजार पाचशे फक्त’. आपल्याकडे चेक मराठीत लिहिलेला चालतो, इंग्रजी येत नाही म्हणून दुसऱ्याच्या हाती चेकबुक देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. नावात किंवा रकमेत खाडाखोड झाली तर शेजारी सही करून भागत नाही, नवा चेक लिहा. चुकलेल्या चेकवर ‘रद्द’ लिहून तो फाइलला लावा, ऑडिटला लागतो. आणि चेकवरच्या तारखेपासून तीन महिनेच तो चालतो.

पुढच्या बैठकीत कोऱ्या कागदावर चेकचा चौकोन काढा आणि प्रत्येकीने एकदा लिहून बघा. अध्यक्षा आणि सचिव ताईंनो, सही सगळ्यात शेवटी. कोऱ्या चेकवर कुणी कितीही घाई केली तरी नाही! पैसा दहाजणींच्या घामाचा आहे.