खेळाच्या संगणकाला स्मृती किती लागते?

संगणकाच्या दुकानात गेलात की दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो. "रॅम किती टाकायची? आठ, सोळा की बत्तीस?" आणि तुम्ही तोंड उघडण्यापूर्वीच तो सांगून टाकतो, "गेम खेळायचे आहेत ना? मग बत्तीसच घ्या." शेजारी उभे असलेले वडील मनातल्या मनात बेरीज करत असतात. २०२५ च्या उत्तरार्धात तर ही बेरीज आणखीच अवघड झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य यंत्रांसाठी स्मृतीची मागणी इतकी वाढली की घरगुती संगणकाच्या रॅमच्या किमतीही काही महिन्यांतच भराभर चढल्या. तेव्हा हा प्रश्न दुकानदारावर न सोपवता आपण स्वतःच सोडवू या. शाळेतले भौतिकशास्त्र आणि थोडासा गुणाकार एवढ्या सामग्रीवर तो सुटण्याजोगा आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. आज वापरात असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. कल्पना विलक्षण सोपी आहे. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकले विद्युत् धारित्र, म्हणजे कपॅसिटर. धारित्रावर विद्युतभार असला तर १, नसला तर ०. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि २ चा ३० वा घात इतक्या बाइटांचा एक गिगाबाइट. आता १६ गिगाबाइटांसाठी किती धारित्रे लागतील, ते वहीत मांडून पाहा. उत्तर येईल सुमारे १३,७४४ कोटी! तुमच्या कंपासपेटीतल्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा आखूड अशा एका पट्टीवर ही सगळी मावतात.

परंतु एवढे लहान धारित्र मातीच्या माठासारखे पाझरते. त्यावरचा भार हळूहळू निघून जातो. म्हणून प्रत्येक बिट पुन्हा वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर-४ या प्रकारच्या रॅममध्ये हे काम साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत एकदा पुरे होते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. वीज गेली की भरणारा कोणी उरत नाही आणि सगळी स्मृती पुसली जाते. म्हणूनच खेळ कायमचा साठवायचा तो डिस्कवर, आणि चालू असताना जे लागेल तेवढे रॅममध्ये आणायचे, अशी व्यवस्था असते.

मग सगळे डिस्कवरूनच का वाचू नये? कारण वेळ. रॅममधून एखादी वस्तू शोधून आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. आजकालच्या एसएसडी डिस्कला त्याच कामाला ढोबळमानाने १०० मायक्रोसेकंद लागतात, आणि फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे आकडे वाचून मनात काहीच उमटत नाही, कारण तिन्ही काळ आपल्याला सारखेच 'लगेच' वाटतात. म्हणून काळ एक कोटी पटींनी ताणू या. घरात फोडणीसाठी तेल तापले आहे असे समजा. मोहरीचा डबा ओट्यावरच असेल तर हात लांब केला की एका सेकंदात मोहरी मिळते. ही झाली रॅम. डबा ओट्यावर नसेल आणि मोहरी वाण्याकडून आणावी लागली, तर सुमारे १७ मिनिटे. ही एसएसडी. आणि हार्ड डिस्कवरून आणायची झाली, तर आज दुपारी निघालेला माणूस उद्या संध्याकाळी मोहरी घेऊन घरी परतेल! तोवर तेलाचे काय होईल ते सांगायला नको.

रॅम भरली म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही, हे येथे ध्यानात घ्या. पडता तर निदान दोष चटकन कळला असता. तो काय करतो, तर रॅममधला काही वेळ न लागलेला भाग उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे आणतो. थोड्या वेळाने त्या हलवलेल्या भागाची गरज लागली की पुन्हा उलटी ने-आण. ओटा लहान पडला की डबे सारखे वर-खाली करावे लागतात, तसेच.

खेळात ही ने-आण फारच जाचते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात एकापाठोपाठ एक अशा रॅमकडे सुमारे १ लाख ६७ हजार फेऱ्या होतात, एसएसडीकडे १६७, आणि हार्ड डिस्कची कशीबशी एक. दुसरी पुरी होण्याआधीच वेळ संपतो. त्यामुळे रॅमच्या तुटवड्याची खूण वेगळी असते. खेळ सरसकट मंद होत नाही. बराच वेळ तो छान चालतो आणि वळणावर गाडी वळवताच किंवा नव्या खोलीचे दार उघडताच क्षणभर गोठतो. प्रतिसेकंद चित्रांची सरासरी पाहून हा दोष दिसत नाही. सरासरीचे गणित शिकवताना मी वर्गात हे उदाहरण मुद्दाम देतो.

आता खेळ रॅममध्ये ठेवतो तरी काय? पुष्कळांना वाटते, पडद्यावरचे मोठे चित्रच सगळी जागा खात असेल. करा हिशेब. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट, म्हणजे अवघे ८ मेगाबाइट. खरी जागा खातात ती वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे. भिंतीच्या विटा, झाडाची साल, चिलखतावरचा गंज, अशा प्रत्येकासाठी एक निराळे चित्र असते. त्याला टेक्श्चर म्हणतात. ४०९६ बिंदू लांब आणि तेवढेच रुंद असे एक टेक्श्चर ६४ मेगाबाइट घेते. शिवाय वस्तू दूर गेल्यावर वापरायला त्याची निम्म्या लांबीची, पाव लांबीची, अशा उतरत्या प्रती ठेवतात. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी झाली की जागा चौथाई होते. म्हणून एकूण जागा १ + १/४ + १/१६ + … या श्रेढीने मिळते. या श्रेढीची बेरीज ४/३ होते. तेव्हा ६४ चे झाले सुमारे ८५ मेगाबाइट. पुढे ही चित्रे सहसा चौथाईपर्यंत दाबून ठेवतात हे खरे. पण एका मोठ्या खेळात ती शेकड्यांनी असतात.

यातली चालू दृश्यात लागणारी चित्रे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत जातात. ती स्मृती निराळी, आणि दुकानात 'रॅम' म्हणून विकतात ती निराळी. या दोहोंची गल्लत फार होते. रॅममध्ये राहतात पुढे लागणारी चित्रे, नकाशा, आवाज, प्रत्येक पात्राची स्थिती, आणि अर्थात खुद्द कार्यप्रणाली. शिवाय मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे वीस टॅब. हे फुकटे पाहुणे दोन-तीन गिगाबाइट सहज फस्त करतात. ज्या संगणकात निराळे ग्राफिक्स कार्ड नसते, तेथे चित्रांचा भारही याच रॅमवर पडतो.

गरज कशी वाढत गेली, ते पाहणे मनोरंजक आहे. १९९३ च्या 'डूम' या खेळाला ४ मेगाबाइट पुरत. २०१५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' संगणकावर आला तेव्हा किमान ४ आणि शिफारस ८ गिगाबाइटांची होती. २०२० च्या 'सायबरपंक २०७७'ने किमान ८ व शिफारस १२ सांगितली. त्याच खेळाने २०२३ मध्ये हे आकडे १२ व १६ वर नेले. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'च्या २०२० च्या आवृत्तीची शिफारस १६ ची होती, २०२४ च्या आवृत्तीची ३२ ची. उलट 'व्हॅलोरंट' हा लोकप्रिय खेळ ४ गिगाबाइटांवरही चालेल असे त्याचे निर्माते सांगतात, आणि २०२३ च्या 'काउंटर-स्ट्राइक २'ची मागणी ८ ची आहे. म्हणजे 'गेम खेळायचे आहेत' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणता खेळ, हे आधी विचारायला हवे.

या वाढीमागे एक कारण आहे, ते दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बरेच मोठे खेळ संगणक आणि खेळयंत्रे या दोहोंसाठी एकदमच तयार होतात. प्लेस्टेशन ४ (२०१३) मध्ये एकूण ८ गिगाबाइट स्मृती होती आणि प्लेस्टेशन ५ (२०२०) मध्ये १६. निर्मात्यांना या मापातच खेळ बसवावा लागतो. खेळयंत्रातली १६ ही चित्रांसह सगळ्यांची मिळून आहे. तेव्हा निराळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला १६ गिगाबाइट रॅम असली, तर त्या पिढीच्या बहुतेक खेळांना ती का पुरते, ते तुमच्या लक्षात येईल.

आता एक आलेख काढा. आडव्या अक्षावर रॅम, उभ्या अक्षावर खेळाचा सुरळीतपणा. ही सरळ रेषा येणार नाही. गरजेच्या अलीकडे एकदम कडा, आणि गरज भागली की सपाट पठार. १२ लागणाऱ्या खेळाला ८ च्या जागी १६ दिले तर फरक रात्र आणि दिवसाइतका. १६ च्या जागी ३२ दिले तर बहुधा काहीच नाही. ओटा मंगल कार्यालयातल्याएवढा लांब केला म्हणून चार माणसांची भाजी लवकर शिजत नाही.

एका बाबतीत मात्र तेवढ्याच रॅमने जास्त काम होते. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरला बहुधा दोन वाटांनी जोडलेल्या असतात. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा ८-८ बाइट पाठवू शकते, म्हणजे २५.६ अब्ज बाइट. १६ ची एकच पट्टी घातली तर एक वाट रिकामी राहते. ८ च्या दोन घातल्या की ५१.२ अब्ज. निराळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला याचा फायदा विशेष जाणवतो.

तुमच्या घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत विंडोज असलेला संगणक असेल, तर रॅम खरोखर अपुरी आहे का, ते पैसा खर्च न करता तपासता येते. खेळ अर्धा तास चालू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात मेमरीचा आकडा दिसेल. पण नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. रॅम जास्त असली की खेळ आणि कार्यप्रणाली दोघेही हात सैल सोडतात. ३२ च्या यंत्रावर १५ वापरणारा खेळ १६ च्या यंत्रावर ११ मध्येही सुखाने राहू शकतो. खरी परीक्षा रिसोर्स मॉनिटरमध्ये होते. तेथे मेमरीखाली 'हार्ड फॉल्ट्स' नावाची रेषा असते. डिस्ककडे झालेल्या फेऱ्या ती मोजते. खेळ अडखळतो त्याच क्षणी ती रेषा वारंवार उसळत असेल, तर रॅम वाढवा. रेषा शांत आहे आणि तरी खेळ अडखळतो, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा, प्रोसेसरचा किंवा पंख्यात साचलेल्या धुळीचा असू शकेल. अशा वेळी रॅमवर खर्च केलेले पैसे व्यर्थच जातात. धूळ झाडायला काही लागत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर हलके खेळ आणि अभ्यास यांसाठी ८ गिगाबाइट चालून जातात, पण थोडी ओढाताण होते. आजचे मोठे खेळ खेळणाऱ्याने १६ घ्यावेत, आणि ३२ घ्यावेत ते वर सांगितलेल्या विमानोड्डाणाच्या खेळासारखे काही खेळणाऱ्याने किंवा सोबत चित्रफितींचे संपादन करणाऱ्याने. शंका असेल तर ८ च्या दोन पट्ट्या आज घ्या आणि मदरबोर्डावर आणखी दोन खाचा रिकाम्या आहेत ना, तेवढे दुकानातच पाहून घ्या. लॅपटॉप घेत असाल तर जास्त चौकसपणे विचारा, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावर कायमची डाखलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. आणि जुन्या संगणकासाठी पट्टी आणायला जाताना डीडीआर-४ की डीडीआर-५ ते लिहून न्या. दोहोंच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.