कोराडीच्या जगदंबेचा एक दिवस : पहाट, मध्यान्ह आणि सांजवेळ

पितृपंधरवडा सरतो, आभाळ निवळते, कपाशीला बोंडे धरू लागतात आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे घरोघरी घट बसतात. त्याच पहाटे नागपूरकरांची पावले उत्तरेकडे वळतात. मानकापूर ओलांडून छिंदवाडा मार्गाला लागले, की वाहनांच्या गर्दीतूनही अनवाणी चालणारी माणसे दिसू लागतात. कोणाच्या हाती ओटीचे ताट असते, कोणाच्या कडेवर लेकरू असते आणि कोणाच्या ओठी केवळ नाम असते. सुमारे पंधरा किलोमीटरांची ही वाट श्री महालक्ष्मी जगदंबेच्या कोराडीला जाते.

कोराडीचे जुने नाव जाखापूर असे सांगतात. झोलन नावाच्या राजाला सात पुत्र होते, परंतु कन्या नव्हती. कन्याप्राप्तीसाठी त्याने यज्ञ केला, तेव्हा आदिमाया कन्यारूपाने त्याच्या घरी अवतरली. राजाच्या संकटकाळी तिने त्याला मार्ग दाखविला आणि अवतारकार्य संपल्यावर सूर्यास्तसमयी ती जेथे विसावली, तेच हे स्थान, अशी आख्यायिका आहे. ही कथा नीट ऐकण्याजोगी आहे. सात पुत्रांचा धनी असलेल्या राजाला कन्येवाचून घर अपुरे वाटले, हे या देवस्थानाचे मूळ होय.

येथील मूर्ती स्वयंभू मानली जाते आणि तिची तीन रूपे भाविक सांगतात. प्रातःकाळी ती कुमारिका असते, मध्यान्ही तारुण्यसंपन्न गृहलक्ष्मी असते आणि सायंकाळी प्रौढ, वृद्ध माता असते. दिवसभरात एकाच मुखावर तीन वयांचे दर्शन घडते.

आज मात्र शहरातील बहुतेक कुटुंबे कोराडीला घटकाभरासाठी येतात. गाडी लावावी, रांगेत उभे राहावे, ओटी भरावी, प्रसाद घ्यावा आणि परतावे, असा क्रम ठरून गेला आहे. त्यामुळे तीन रूपांपैकी एकाच रूपाचे दर्शन त्यांच्या पदरी पडते. म्हणून यंदाच्या नवरात्रात एक दिवस संपूर्ण देवीसाठी काढावा, असे सुचवावेसे वाटते. तिच्या तीन रूपांबरोबर आपल्या या भागातील अन्न, गाणे आणि रीतिभाती यांचीही ओळख त्या दिवशी घरातील मुलांना करून देता येईल. ही ओळख ज्यांच्यापाशी आहे अशा आजी आता थोड्याच उरल्या आहेत, हे त्यामागचे खरे कारण आहे.

पहाट : कुमारिकेचे रूप

काकडआरतीच्या वेळी पोहोचता आले तर उत्तम. नवरात्रात नागपूरहून जादा बसगाड्याही सुटतात. मंदिराचा अलीकडच्या वर्षांत जीर्णोद्धार झाला असून दगडी बांधणीचे भव्य रूप आता त्याला लाभले आहे. तलावावरून येणारा गार वारा, धुपाचा वास आणि रांगेतला हलका गजर यांनी मन आपोआप शांत होते.

कुमारिकेच्या या वेळी मुलींना एक गोष्ट अवश्य सांगावी. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्याची ही धाकटी-थोरली बहीणच म्हणावी. तिकडे पाटावर हत्ती मांडतात. आपल्याकडे मातीच्या भुलाबाई-भुलोजीची जोडी बसते आणि सोबत बाळ गणोबाही असतो. शंकर-पार्वतींनी घेतलेले हे भिल्लाचे रूप, अशी श्रद्धा आहे. सांजवेळी मुली एकेका घरी जमतात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायला सांगतात. ओळखता आली नाही, तर त्या घरच्या गृहिणीचा मान मोठा !

या गाण्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, दागिन्यांची हौस आहे आणि दुःख हसण्यावारी नेण्याचे बळही आहे. लहानपणी खेळ म्हणून पाठ झालेल्या या ओळी पुढे सासरच्या एकान्तात किती जणींच्या उपयोगी पडल्या असतील ! ही गाणी प्रामुख्याने कंठातून कंठात आली. एका गावाची चाल दुसऱ्या गावाला ठाऊक नसते आणि एका घराचे कडवे शेजारच्या घरी वेगळे असते. म्हणूनच जी आजी जाते, तिच्याबरोबर एखादे कडवे कायमचे जाते.

शहरात आता नवरात्र म्हणजे गरबा असे समीकरण झाले आहे. गरबा काही परका नव्हे. सच्छिद्र घटातील दीपाभोवती फेर धरणे हे त्याचे मूळ आपल्या घटस्थापनेच्या जवळचेच आहे. परंतु पाहुण्याला पाट मांडताना घरच्या लेकीला ओसरीबाहेर ठेवू नये. एकाच प्रांगणात एक सायंकाळ भुलाबाईसाठी राखली, तर दोन्ही सुखाने नांदतील.

मध्यान्ह : गृहलक्ष्मीचे रूप

मध्यान्हीच्या दर्शनानंतर भोजनाचा प्रश्न येतो. उपवास असणाऱ्यांसाठी आपल्या भागातील फराळ मुळीच तोकडा नाही. साबुदाण्याची उसळ, भगर आणि दाण्याची आमटी हे तर नित्याचे. त्यांच्या जोडीला शिंगाडा आहे, त्याकडे शहरवासीयांनी आदराने पाहावे. शिंगाडा हे तळ्यातले पीक. पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश असून ढीवर बांधव पाण्यात उतरून वेलींखालची ही काटेरी फळे काढतात. शरद ऋतूत ताजा शिंगाडा बाजारात येऊ लागतो. उकडून काळपट झालेली फळे सोलून मीठ लावून खावीत. वाळलेल्या फळांचे पीठ उपवासाच्या शिऱ्याला आणि थालीपिठाला वापरावे. बंद पुडीतील पीठ आणण्यापेक्षा टोपलीत शिंगाडे घेऊन बसलेल्या बाईकडून ते घ्यावेत. पाण्यात उभे राहून केलेल्या श्रमाचे मोल तेवढेच थेट पोहोचते.

याच दिवसांत सीताफळेही येतात. सावनेर, काटोल, कळमेश्वर या पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांवर रंग चढू लागलेला असतो. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे पूर्ण गोड व्हायला अजून थोडा अवकाश असतो. घाई न करता दिवाळीच्या सुमारास त्याची चव घ्यावी.

ज्यांना उपवास नाही, त्यांनी रोडगे चुकवू नयेत. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप सोडायचे आणि वरण व वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर पंगतीत वाढायचे. विदर्भात नवसाचे रोडगे देवाला अर्पण करण्याची रीत आहे. झाडाखाली चूल मांडून, शेजारपाजाऱ्यांना बोलावून केलेल्या त्या स्वयंपाकाची सर उपाहारगृहातील ताटाला येत नाही. कोणाचे शेत वाटेवर असेल, तर एक दुपार त्यासाठी जरूर काढावी. आग विझवून आणि जागा झाडून मगच तेथून निघावे, हेही तितकेच महत्त्वाचे.

घरी करावयाचे तर वडाभात, गोळाभात, पाटवडीचा रस्सा आणि कोवळ्या सांबाराची पुडाची वडी हे आपले खास पदार्थ आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे सांबार म्हटले की दाक्षिणात्य आमटी समजतात. आपल्याकडे ती हिरवीगार कोथिंबीर, हे त्यांना पहिल्या घासालाच कळते. उलट्या मडक्यावर भाजलेल्या पातळ, रुमालासारख्या लांब पोळ्या हा या मातीतील पाककलेचा कळसच होय. कणकेला तार येईपर्यंत आपटणे आणि हातांच्या आधाराने ती पोळी तव्याएवढ्या मडक्यावर पसरणे ही विद्या पुस्तकातून येत नाही. आईच्या किंवा सासूच्या शेजारी बसूनच ती उचलावी लागते.

अष्टमी-नवमीला पुरणावरणाचा नैवेद्य होतो. अनेक घरी घटावर फुलोरा बांधतात. त्यात कडाकण्या, करंज्या, देवीसाठी वेणी-फणी असे कितीतरी प्रकार कणकेतून घडविलेले असतात. महालक्ष्म्यांच्या सणाला आंबील आणि सोळा भाज्या करणाऱ्या नागपूरच्या घरांना हा थाट नवा नाही. आता फुलोरा तयार मिळतो. वेळेअभावी तो आणावा लागला तर देवी रागावणार नाही. परंतु त्यातील निदान एक करंजी मुलीच्या हातची असावी. वाकडी झाली तरी चालेल.

दुपारच्या विसाव्यात जवळच्याच रामायण सांस्कृतिक केंद्राला भेट देता येते. भारतीय विद्या भवनाच्या या केंद्राचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जुलै २०२३ मध्ये झाले. रामायणातील प्रसंगांची चित्रे आणि स्वातंत्र्यसंग्रामातील वीरांचे दर्शन येथे एकाच छताखाली घडते. मुलांना रामकथेतील प्रसंग चित्रांतून ओळखायला सांगावेत. जेथे ती अडतील, तेथे आजोबांनी कथा पुढे न्यावी.

सांजवेळ : मातेचे रूप

सूर्य कलला की कोराडीचे रूप पालटते. तलावाकाठी उभे राहिले असता औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात. या केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला आणि पुढे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच उभे राहिले. महाराष्ट्राच्या कितीतरी घरांतील दिवे या गावाच्या जवळ जळणाऱ्या कोळशावर उजळतात. त्याची राख आणि धूर मात्र आसपासच्या गावांच्या वाट्याला येतो. दर्शनाला येणाऱ्याने ही जाणीव ठेवावी. निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या तलावात टाकून गावावरील भार आणखी वाढवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहेच.

मंदिरात त्याच वेळी दुसरा प्रकाश तेवत असतो. नवरात्रात भाविकांच्या नावे अखंड मनोकामना ज्योती लावल्या जातात. हजारो ज्योती नऊ दिवस तेवत असतात. डोंगरगडची बमलेश्वरी आणि रतनपूरची महामाया या छत्तीसगडातील देवस्थानांतही हीच प्रथा आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत असत. राज्ये गेली, सीमा बदलल्या. परंतु तेथील आणि येथील ज्योत आजही एकाच रीतीने तेवते.

गाण्याचेही असेच आहे. कोराडीचा रस्ता पुढे मध्य प्रदेशात जातो, तेथूनही भाविक येतात. मध्य भारतात देवीच्या स्तुतिगीतांना ‘जस’ म्हणतात. छत्तीसगडात ते मांदर आणि झांजेच्या साथीने रंगते. मराठी मुलखात संबळ-तुणतुण्यावर गोंधळ होतो आणि विदर्भातील गावोगावी खंजिरी भजन होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीसारख्या साध्या वाद्यावर समाजप्रबोधनाचे केवढे कार्य केले, हे सर्वज्ञात आहे. एखादे भजनी मंडळ बसलेले दिसले, तर पाच मिनिटे चित्रफीत काढून निघून जाऊ नये. सतरंजीच्या कडेला बसावे, टाळी धरावी, एक भजन पूर्ण ऐकावे आणि निघताना यथाशक्ती दक्षिणा ठेवावी. श्रोत्यांची बैठक टिकली तर मंडळ टिकते, आणि मंडळ टिकले तर गावातील तरुण मुलगा खंजिरी हाती घेतो.

आणखी एक दिवस काढता आला, तर याच बाजूने पुढे जाऊन अदासा येथील शमी विघ्नेशाचे आणि धापेवाड्याच्या विठ्ठलाचे दर्शन घ्यावे. अदाशाची भव्य गणेशमूर्ती विदर्भाच्या अष्टविनायकांत गणली जाते. कोलबा स्वामींच्या भक्तीने पावन झालेले धापेवाडा चंद्रभागेच्याच नावाच्या नदीकाठी वसले असून ‘विदर्भाचे पंढरपूर’ म्हणून त्याची ख्याती आहे.

कोजागिरीपर्यंत एवढे करावे

दसऱ्याला सोने लुटले की सण संपला, असे समजू नये. कोजागिरीला आपल्याकडे ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून भुलाबाईला निरोप देतात, चंद्रप्रकाशात दूध आटवितात आणि घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. दसऱ्यापासून तोवर पाच दिवस हाती असतात. त्या पाच दिवसांत प्रत्येक घराने एक वही घ्यावी. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसावे आणि तिला आठवतील तेवढी भुलाबाईची गाणी, तिच्याच शब्दांत, काहीही न सुधारता उतरवून घ्यावीत. चाल ध्वनिमुद्रित करावी. गाण्याखाली तिचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि त्या दिवशीची खिरापत लिहून ठेवावी. मग इमारतीतील चार मुलींना बोलावून त्यांतील एक तरी गाणे टिपऱ्यांवर म्हणवून घ्यावे.

कोराडीची माता सकाळी बालिका होते, दुपारी गृहिणी होते आणि संध्याकाळी वृद्धा होते. ज्या घरी नात गाते, आई खिरापत करते आणि आजी विसरलेले कडवे आठवून सांगते, त्या घरी तिची तिन्ही रूपे एकाच ओसरीवर नांदत असतात. आई जगदंबा वाचकांच्या घरी या तिन्ही रूपांनी सदैव वास करो, हीच या नवरात्रात तिच्या चरणी प्रार्थना !