ऊन, वारा आणि खिडकी

घर पाहावयास गेलेला मनुष्य काय विचारतो, हे आम्हांस आता तोंडपाठ झाले आहे. मजला कितवा, पाणी किती वेळ, हप्ता किती, स्टेशन किती दूर. खिडकी कोणत्या दिशेस आहे व ती किती उघडते, असे विचारणारा क्वचितच भेटतो. कामगारांच्या गृहसंस्थांच्या सभांतून आम्ही पुष्कळ बसलो. फरशीच्या रंगावरून तेथे तासन् तास वाद झाले, पण खिडक्यांचा विषय निघाला की 'ते बिल्डर बघेल' एवढ्यावर निकाल लागे. आणि मग मे महिन्यात, रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा त्या खोलीत झोपू शकत नसे.

खिडकीने उजेड आणि वारा आत घ्यावा, ऊन आणि पाऊस बाहेर ठेवावा, अशी आपली अपेक्षा. ही कामे एकमेकांच्या आड येतात. कोणत्या कामाला झुकते माप द्यावयाचे, हे त्या गावची हवा ठरविते. म्हणून मुंबईची खिडकी सोलापुरास चालत नाही व सोलापूरची मुंबईस.

आधी उन्हाचे पाहू. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य तेथे ऐन डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मधल्या काळात तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. याचा अर्थ असा की दक्षिणेची भिंत, जिला आपण उगीच भितो, तिच्यावर कडक उन्हाळ्यात भर दुपारी ऊन जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असेल, तर २१ मार्चच्या दुपारी तो साडेचार फूट उंचीपर्यंत सावली देतो. तोच छज्जा डिसेंबरच्या अखेरीस, सूर्य दक्षिणेस कलल्यामुळे, सुमारे पावणेदोन फूटच झाकतो आणि थंडीतले ऊन आत येऊ देतो. असा स्वस्त व समजूतदार नोकर दुसरा मिळावयाचा नाही!

पश्चिमेची गोष्ट वेगळी. चार वाजल्यानंतर सूर्य खाली येतो, किरण आडवे येतात आणि छज्जा नुसता बघत राहतो. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळत असल्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी तिरपे ऊन शिरते. येथे बहुतेक लोक आतून जाड पडदा लावतात व फसतात. काच उन्हाला आत येऊ देते. ते ऊन पडद्यावर, फरशीवर पडून त्याची उष्णता झाली, की त्या उष्णतेला मात्र काच सहज बाहेर जाऊ देत नाही. पडदा आत असेल तर तापलेला पडदाही आतच राहतो. ऊन अडवावयाचे ते काचेच्या बाहेर : बांबूची चीक, लाकडी पट्ट्यांची झिलमिल, गॅलरी, नाही तर एखादे झाड.

मग पश्चिमेची खिडकी बुजवूनच टाकावी काय? तसेही करता येत नाही. मुंबईत व कोकणपट्टीत दुपारचा समुद्रवारा पश्चिमेकडूनच येतो, आणि पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. ऊन, वारा, पाऊस तिन्ही एकाच बाजूने! अशा ठिकाणी उन्हाला 'नाही' व वाऱ्याला 'ये' म्हणणारी वस्तू हवी. जुन्या इमारतींतली झिलमिल नेमकी तेच काम करी. तिच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूस खाली उतरत्या असतात. पावसाचे पाणी बाहेर ओघळते आणि फटींतून वारा येत राहतो. कोकणातले लोक झडीच्या बाजूस झावळ्यांचे झाप बांधीत, पडवी खोल ठेवीत. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे खिडकीच्या चौकटीत बसविलेले दिसतात. त्यांतून उजेड येतो, पण त्याचा झोत डोळ्यांवर येत नाही.

दमट हवेत घाम वाळावयास वारा लागतो, म्हणून तेथे खिडकी मोठी हवी व रात्रंदिवस उघडी हवी. शिवाय वाऱ्याला जावयास दुसरी वाट पाहिजे. एकाच बाजूला दार-खिडकी असलेल्या खोलीत वारा उंबऱ्यापर्यंत येतो व परत फिरतो.

सोलापुराकडे हे सारे उलटे होते. तेथे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी गाठतो, पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. दुपारी खिडकी उघडणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे. जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड आणि खिडक्या लहान असत, त्यामागे हा हिशेब होता. सकाळी नऊला खिडक्या बंद, सूर्यास्तानंतर सताड उघड्या, आणि कढत हवा निघून जावयास छताजवळ झरोका. नागपूरकडे कूलर लावतात, तेव्हा पुष्कळ जण बाकीची सगळी दारे-खिडक्या घट्ट बंद करतात. ही चूक आहे. समोरची एक खिडकी थोडी उघडी नसेल तर ओलसर हवा कोंडते आणि गारवा येईनासा होतो. मुंबईच्या दमट हवेत तर कूलरचा उपयोग फारसा नाहीच.

गिरणीमालकांना ही विद्या उत्तम अवगत होती, हे येथे सांगितले पाहिजे. गिरणीच्या छपराला करवतीसारखे दाते असत व त्यांच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे साच्यांवर दिवसभर सारखा उजेड, पण ऊन नाही. विणकाम खात्यात हवा कोरडी झाली की ताणा तुटतो, म्हणून तेथे खिडक्या बंद ठेवून हवेत पाण्याची वाफ सोडीत. सुताला कोणती हवा मानवते याचा एवढा विचार. आणि सूत काढणाऱ्याची खोली मात्र अंधारी, कोंदट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा कुठे १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्तीत उजेड-वारा आणण्याची भाषा सुरू झाली.

आज जुन्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. नकाशा मंजूर होण्यापूर्वी सभासदांनी एक हिशेब जरूर करावा. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. तीत उष्ण-दमट प्रदेशात घराच्या चटईक्षेत्राच्या एक-षष्ठांश, तर उष्ण-कोरड्या प्रदेशात एक-दशांश भाग बाहेर उघडणारा असावा, असे प्रमाण आहे. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला मुंबईत ५० व सोलापुरात ३० चौरस फूट. यात खिडक्या, झरोके, बाहेर उघडणारी दारे सारे आले. पण मोजावयाचे ते उघडणारे क्षेत्र, चौकट नव्हे. दोन काचांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. चार फूट बाय चार फूट चौकटीतून आठच चौरस फूट मिळतात. बिजागरीच्या झडपांची खिडकी नऊ-दशांश उघडते. तीच चौकट चौदा फुटांहून अधिक देते. सरकती खिडकी सगळीकडे दिसते, कारण ती बसविण्यास सोपी व जागा न अडविणारी. दमट गावात आम्ही तरी ती शक्य तेथे नाकारू.

तळमजल्यावरच्या लोकांचे दुखणे निराळेच. चोराच्या व डासांच्या भयाने ते रात्री खिडकी लावून घेतात आणि सोलापूरच्या रात्रीचा सगळा गारवा बाहेरच राहतो. त्यांच्या खिडकीला गज व मच्छरजाळी पहिल्या दिवसापासून हवी, तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. जाळी वाऱ्यालाही थोडी अडविते, धुळीने बुजली की फारच. तेव्हा ती काढून धुता येईल अशी बसवून घ्यावी.